मुलगा शाळेत मारामारी करतो? आधी बघा, मारल्यावर त्याला मिळतं काय

ताई, तुम्ही चार प्रश्न एकदमच विचारलेत. मुलगा बिघडला का, मोबाईलमुळे झालं का, दोन फटके दिले तर सुधारेल का, आणि पुढे जाऊन गुंड होईल का. चौथ्याचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे रात्री झोप तरी लागेल: बहुतेक मुलं नाही होत. बाकीच्या तीन प्रश्नांना जरा वेळ लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिलंय ते असं. गोव्यात साखळीजवळचा गाव, मुलगा दहा वर्षांचा, चौथीपर्यंत गावातल्याच सरकारी मराठी शाळेत, तिथे एक तक्रार नाही. जूनमध्ये हायस्कूलात पाचवीला घातला आणि गणेश चवथीच्या सुट्टीनंतर सुरू झालं, एकाला जिन्यावर ढकललं, एकाच्या डोक्यात कंपास पेटी घातली आणि परवा एका मुलाच्या दंडाला चावला. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट ड्युटीवर, घरी सासूबाई आणि धाकटी मुलगी. क्लास टीचरनी बोलावून सांगितलं, "तुमचो भुरगो खूब अ‍ॅग्रेसिव्ह जाला", म्हणजे मुलगा फार मारकुटा झालाय. आणि ज्याला चावला त्याच्या आईने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर फोटो टाकला.

मी गोव्यातल्या शाळांमधून कौन्सिलरचं काम बरीच वर्षं करतेय, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे "चौथीपर्यंत एक तक्रार नाही". तुम्ही ती सहज लिहून गेलात पण माझ्यासाठी अर्धं उत्तर तिथेच आहे.

कसं ते सांगते. आपल्याला वाटतं मूल जन्मतः गरीब असतं आणि मग टीव्ही बघून, वाईट मुलांच्या संगतीने मारायला शिकतं. प्रत्यक्षात उलटं आहे. कॅनडात रिचर्ड ट्रेंबले नावाच्या संशोधकाने मुलांना लहानपणापासून वर्षानुवर्षं बघितलं, तर हात उगारणं, ओरबाडणं, चावणं हे सगळ्यात जास्त असतं दोन ते साडेतीन वर्षांच्या वयात, आणि त्यानंतर शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलांमध्ये ते उतरत जातं. म्हणजे मारणं शिकवावं लागत नाही, न मारणं शिकावं लागतं, बोलून मागणं, थांबणं, टीचरकडे जाणं वगैरे. तुमचा मुलगा ते शिकला होता. जे मूल तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत सलग मारतंच आलंय त्याची गोष्ट वेगळी, आणि जे मूल सहा वर्षं नीट राहून अचानक मारायला लागलं त्याची वेगळी. दुसऱ्या प्रकारात मी मुलाकडे नंतर बघते, आधी विचारते की त्याच्या भोवतीचं काय बदललं.

आणि तुमच्याकडे तर ते उघडच आहे, शाळा बदलली. आपल्या गोव्यात हे इतकं रोजचं झालंय की कोणाला त्याचं काही वाटतच नाही. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, आणि पाचवीत हायस्कूलात पाय ठेवला की सगळे विषय एकदम इंग्रजीतून. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना पण अनुदान द्यायचं ठरवल्यावर माध्यमाचा जो वाद झाला तो तुम्हाला आठवत असेल, मोर्चे, बंद, सगळं झालं. मला त्या राजकारणात शिरायचं नाही, मला फक्त पाचवीच्या वर्गात काय होतं ते दिसतं. एकाच बेंचवर एक मुलगा केजीपासून इंग्रजीत शिकलेला आणि बाजूला तुमचा, ज्याला अपूर्णांक पाठ आहेत पण फ्रॅक्शन म्हटलं की कळत नाही बाई काय विचारतायत. चौथीत जो पहिल्या पाचात होता तो जूनच्या पहिल्या आठवड्यात ढ झाला. त्याची बुद्धी होती तिथेच आहे, पण त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. दहा वर्षांच्या मुलाला "मला अपमान वाटतो" असं वाक्य सुचत नाही. तो कंपास पेटी मारतो.

सगळीच मुलं मारत नाहीत हे मला माहितीय. काही गप्प होतात, काहींच्या पोटात दुखतं, काही रोज टॉयलेटला जायला परवानगी मागतात. गप्प होणाऱ्यांची तर कोणी तक्रारही करत नाही बिचाऱ्यांची. तुमचा मारणाऱ्यातला निघाला म्हणून निदान कळलं तरी.

आता मुख्य मुद्दा. मारण्यातून त्याला काहीतरी मिळतंय. मुद्दाम हिशोब करून करतो असं नाही म्हणत मी, पण जे केल्याने काम होतं ते माणूस परत करतो, मूल असो की मोठा. तो चावला तेव्हा पुढे काय झालं? तुम्हीच लिहिलंय, त्याला हेडमास्तरांच्या ऑफिसबाहेर बसवलं. कुठल्या तासाला? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला तेच पाहिजे. समजा तो इंग्लिशचा तास होता आणि एकेकाला उभं करून वाचायला लावत होते, तर ऑफिसबाहेरचं बाकडं ही त्याच्यासाठी शिक्षा नाही, सुटका आहे. माझ्याकडे फोंडा तालुक्यातला एक सहावीतला मुलगा होता, सगळ्या शाळेत नाव खराब, आणि वहीत तारखा लिहून काढल्यावर दिसलं की जवळजवळ सगळी भांडणं मोठ्याने वाचायच्या तासाच्या जरा आधी. त्याला वाचायला उभं करणं दोन महिने बंद केलं, वेगळं बसवून वाचन घेतलं, निम्मी भांडणं तिथेच संपली. कोणी त्याला संस्काराचे धडे दिले नाहीत.

हेच घरी पण चालतं, जेराल्ड पॅटरसन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते त्यांनी घराघरात जाऊन हे टिपलं. आई म्हणते मोबाईल ठेव, मूल कटकट करतं, आई आवाज चढवते, मूल किंचाळतं, वस्तू फेकतं, शेवटी आई दमते आणि म्हणते बरं पाच मिनिटं घे. मुलाला कळलं की किंचाळलं की मिळतं, आणि आईला कळलं की सोडून दिलं की घर शांत होतं, दोघांनाही बक्षीस मिळालं. कधी उलटं, आई धपाटा घालते आणि मूल गप्प होतं, तेव्हा आईला कळतं धपाटा चालतो. रोज असं थोडं थोडं झालं की दोन्ही बाजूंचा आवाज वाढत जातो आणि मग तेच मूल तीच पद्धत वर्गात वापरून बघतं. यात तुम्हाला दोष देत नाहीये हां, नवरा नाईट करून सकाळी झोपलेला, सासूबाई म्हणतात त्याला रडवू नको, आणि तुम्हाला जेवण करायचंय, तिथे पाच मिनिटं देणार नाही तर काय करणार.

आणखी एक तपासा, बालरथ, म्हणजे शाळेची बस. याबद्दल मला कोणी विचारतच नाही. तुमच्या गावातून गाडी पावणेसातला निघते म्हणालात, म्हणजे मूल सहाला उठतं, चहा-बिस्किटावर निघतं, आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं एकाच गाडीत. अटेंडंट असतो पण तो दारात उभा, मागच्या सीटवर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मी ज्या पाचवी-सहावीतल्या "अ‍ॅग्रेसिव्ह" मुलांशी निवांत बोलले त्यातल्या कितीतरी जणांना आधी गाडीत कोणीतरी टपल्या मारत होतं, नावं ठेवत होतं, डबा उघडून खात होतं. मोठ्याला मारता येत नाही, मग शाळेत उतरल्यावर स्वतःपेक्षा लहान दिसणाऱ्याला मारायचं. नॉर्वेचे डॅन ओल्वेउस, ज्यांनी 1970 च्या दशकात शाळेतल्या दादागिरीवर काम सुरू केलं, त्यांनी असा एक गट दाखवला होता जो मारही खातो आणि मारतो पण, आणि पुढच्या अभ्यासांमध्ये सगळ्यात जास्त त्रासात हीच मुलं सापडतात. म्हणून "तू का मारलंस" असं विचारू नका, त्याचं उत्तर "त्याने आधी मारलं" हेच येणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर, लाईट घालवल्यावर विचारा गाडीत तू कोणाच्या बाजूला बसतोस. एवढंच. बाकी तो सांगेल, आज नाही तर चार दिवसांनी.

गाडीत रोज टपल्या खाणाऱ्या मुलाचं डोकं पण बदलतं. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये दाखवलं की एखाद्याचा धक्का चुकून लागला की मुद्दाम हे स्पष्ट नसेल, तर भांडखोर मुलं तो मुद्दामच धरतात. बाकीची मुलं म्हणतात लागला असेल. तुमच्या मुलाला जिन्यावर धक्का लागला, जिन्यावर मधल्या सुट्टीत धक्का कोणाला लागत नाही हो, पण त्याच्या मनात ते "मला मारलं" असं नोंदलं गेलं आणि त्याने ढकललं. मग समोरचा खरोखरच मारतो, आणि याला वाटतं बघा, मी म्हटलं होतं ना.

मोबाईलचं विचारलंत. सगळ्यांना वाटतं मी म्हणेन मोबाईल हेच मूळ. बघून शिकतात यात वाद नाही, 1961 मध्ये बॅन्ड्युरा यांनी स्टॅनफर्डला प्रयोग केला होता, मोठ्या माणसाने हवेच्या बाहुलीला बडवलेलं बघितलेली मुलं स्वतःही तसंच बडवायला लागली, तोच हातोडा, तेच शब्द. पण तिथे त्यांनी बघितलं होतं एका मोठ्या माणसाला, हे लक्षात घ्या. गेम्सबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये परत सांगितलं की हिंसक गेम आणि ओरडणं-ढकलणं यांचा थोडासा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसा गेममुळे होते म्हणायला पुरेसा पुरावा नाही. मला विचाराल तर मोबाईलचं खरं नुकसान झोपेत आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते, तुमचा सहाला उठतो, म्हणजे नऊला डोळे मिटलेले पाहिजेत, आणि तुम्ही लिहिलंय अकरापर्यंत युट्यूब. सात तास झोपलेल्या, न खाल्लेल्या मुलाला इंग्रजी वाचायला उभं केलं तर तुम्हीसुद्धा चावाल.

फटक्यांचं. नाही, ताई. हे मी हळवेपणाने म्हणत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये पन्नास वर्षांचे अभ्यास एकत्र करून बघितले, 1,60,000 हून जास्त मुलांचे, आणि साध्या धपाट्यांनीसुद्धा फायदा दिसला नाही, उलट ज्यांना जास्त धपाटे त्यांच्यात भांडखोरपणा जास्त. "आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो" असं सासूबाई म्हणतील, म्हणू द्या, वाद घालू नका. पण मारलंस म्हणून मारते यातून मूल एवढंच शिकतं की मोठ्या माणसाने मारलं तर चालतं. शाळेचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या, कलम 17 नुसार शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे, आणि गोव्यात त्याच्याही आधी 2003 च्या चिल्ड्रन्स अ‍ॅक्टने शाळेतला मार बंद केलाय. तेव्हा टीचरना "तुम्हीच दोन द्या, आमची परवानगी आहे" असं सांगू नका. बरेच पालक सांगतात, आणि टीचर बिचारे अडकतात.

आता हे असंच चालू राहिलं तर काय होतं? पहिली गोष्ट दोस्त जातात. पाचवीत मुलं कोणाशी खेळायचं ते पटापट ठरवतात, आणि एकदा "हो मारता", म्हणजे हा मारतो, असं नाव पडलं की मार थांबला तरी नाव राहतं. मग त्याच्याशी बोलायला उरतात कोण, तर अशीच बाहेर टाकलेली दुसरी दोन-चार मुलं, आणि ती एकमेकांची नको ती हुशारी वाढवतात. सातवी-आठवीत मला जे गट भेटतात, तास बुडवून बसस्टँडवर बसणारे, त्यांची सुरुवात बऱ्याचदा पाचवीतल्या बेंचवर झालेली असते. दुसरं, वर्गाबाहेर बसलेला प्रत्येक तास म्हणजे आणखी इंग्रजी बुडालं, म्हणजे ज्या कारणाने सुरू झालं ते कारणच मोठं झालं. आणि ज्याला चावला त्या मुलाचा पण विचार करा, त्याला शाळेत यायची भीती वाटत असेल, आणि बघणाऱ्या तीस जणांना कळलं असेल की इथे गप्प बसलेलं बरं.

मुलींच्या आयांनी पण वाचावं म्हणून एवढं मधेच, मुलींमध्ये हेच बऱ्याचदा हात न लावता चालतं, ग्रूपमधून काढणं, डब्याला न घेणं, एकीबद्दल काहीबाही पसरवणं. त्याची तक्रार डायरीत येत नाही पण जखम तेवढीच होते.

गुंड होण्याबद्दल. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांना मोठेपणापर्यंत बघत आलेत, टेरी मॉफिट यांनी त्यावरून दोन वाटा सांगितल्या. एक लहान गट, ज्यांचं अगदी लहानपणापासून सुरू होतं आणि मोठेपणीही चालू राहतं, आणि दुसरा खूप मोठा, ज्यांचं किशोरवयात येतं आणि जातं. तुमच्या मुलाचं दोन-चार महिन्यांचं आहे, आणि कारण समोर दिसतंय. लहान गटातला असण्याची चिन्हं तुम्ही लिहिलेल्यात मला दिसत नाहीत.

काय करायचं तर आधी दोन आठवडे फक्त लिहा. एक वही घ्या, टीचरनाही विनंती करा: भांडण झालं की तीन ओळी, आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. वार आणि तास लिहायचा. उपदेश नको, तोंड वाईट करायचं नाही. टीचरकडे जाताना "माझा मुलगा असा नाही" म्हणून जाऊ नका, "चौथीपर्यंत नीट होता, कुठल्या तासाला होतं ते शोधायला मदत करा" असं म्हणून जा, फरक पडतो. मोठ्याने वाचन काही दिवस टाळता येईल का ते विचारा, एखादं काम त्याला द्या म्हणावं, वह्या वाटणं, फळा पुसणं, वर्गाला तो उपयोगी दिसला पाहिजे. गणिताचे इंग्रजी शब्द घरी तुम्हीच मराठीशेजारी लिहून द्या, रोज पाच, जास्त नको.

घरी झोप नऊला, मोबाईल साडेसातनंतर सासूबाईंच्या कपाटात, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच, पहिला आठवडा तो जास्त किंचाळेल, ते अपेक्षितच आहे, तेव्हाच सोडून दिलंत तर आधीपेक्षा वाईट होईल. त्यापेक्षा सुरूच करू नका. मिस्टरांना सांगा सुट्टीच्या दिवशी अर्धा तास नुसतं बरोबर राहायचं, मासे आणायला बाजारात न्या, गाडी धुवा एकत्र, अभ्यासाचा विषय काढायचा नाही. चावण्याची शिक्षा द्यायचीच असेल तर लगेच, छोटी आणि एकदाच, संध्याकाळचं खेळणं बंद, संपलं. आणि ज्या दिवशी राग येऊन सुद्धा हात उचलला नाही तो दिवस तुम्ही पकडा आणि त्याला सांगा की मी बघितलं. या शेवटच्याला लोक हसतात पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हेच चालतं.

बरोबर एकदा कान-डोळे तपासून घ्या, रात्री घोरतो का बघा, न दिसणारा फळा आणि अर्धवट झोप मी कितीदा "वागणूक" म्हणून बघितलीय. शाळेत कौन्सिलर येतो का ते विचारा, बऱ्याच हायस्कूलांत येतो, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी. पण मुक्या जनावराला छळणं, आग लावणं, हत्यार घेऊन जाणं, "मी मरतो" असं बोलणं, किंवा सहा महिन्यांनीही घरी-शाळेत दोन्हीकडे तेच, यातलं काही असेल तर माझ्यासारखीकडे न थांबता बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात, चाईल्डच्या ओपीडीचा दिवस विचारून जा. तिथे "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणून लोक लाजतात, लाजू नका. रात्रीबेरात्री घाबरलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप. तिथे काहीही लिहू नका, सॉरीसुद्धा नाही, कारण मग वीस जणी त्यावर मत देतील आणि मुलाचं नाव वर्षभर तिथे राहील. मुलगा बरोबर न नेता तुम्ही एकट्या त्या आईकडे जा, दंड कसा आहे विचारा, डॉक्टरचे पैसे विचारा, आणि फोटो काढून टाकायला सांगा, ते तिच्या मुलाच्या भल्याचं आहे आणि तुमच्याही.

वहीचे दोन आठवडे झाले की पानांचे फोटो मला पाठवा, मी बघून सांगते.